रंगाचं वजन

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही चौघांनी मिळून एक विमान बनवलं होतं. घाबरू नका, मॉडेल होतं. बाल्सा लाकडाच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं पातळ कापड, पुढे छोटं इंजिन आणि रिमोट. महिनाभर रात्री जागून केलेलं. कॉलेजच्या फेस्टच्या आदल्या संध्याकाळी आमच्यातल्या एकाला साक्षात्कार झाला की हे विमान पतंगासारखं दिसतंय. मग काय, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून ऑइलपेंटचे डबे आले. लाल रंगाचे दोन हात, त्यावर पांढरे पट्टे, आणि चकाकी यावी म्हणून वरून व्हार्निश. रात्री दोन वाजता ते विमान इतकं देखणं दिसत होतं की आम्ही त्याच्यासोबत फोटो काढले.

सकाळी ते मैदानभर धावलं. नुसतंच धावलं. शेवटपर्यंत धावलं आणि कुंपणाच्या झुडपात जाऊन थांबलं. वर्कशॉपमधले काका बघत उभे होते. ते इतकंच म्हणाले, "बाळांनो, विमान उडवायचं होतं की बंगल्याचं फाटक रंगवायचं होतं?"

नंतर किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केलं तेव्हा कळलं, आमचं विमान एका रात्रीत पाव किलोनं जाड झालं होतं. इंजिन तेच, पंख तेच, फक्त रंग.

परवा घरी माळा साफ करताना त्या विमानाचा एक पंख सापडला. लाल रंगाला भेगा पडलेल्या, आतलं कापड मात्र शाबूत. आणि माझा अख्खा शनिवार-रविवार "खरी कापडी विमानं लोक रंगवत कशी होते?" या प्रश्नामागे गेला. सोमवारची डिलिव्हरी होती, पण ते जाऊ दे. जे वाचलं ते इतकं भारी निघालं की इथे लिहिल्याशिवाय राहवेना. त्यातली एक गोष्ट मात्र भारी वगैरे नाही. ती मधे येईलच.

आधी एक मूलभूत शंका. कापडाला रंग लावायचाच कशाला? आपल्या डोक्यात रंग म्हणजे सजावट. कापडी विमानावर मात्र त्या लेपाला तीन कामं असतात. पहिलं, कापड ढोलकीच्या पानासारखं ताणून धरणं. पंखाचा आकार बिघडला की विमान वर उचलणारं बळ बिघडलं. दुसरं, विणीतली भोकं बुजवणं, म्हणजे हवा आरपार जाणार नाही आणि पाणी आत शिरणार नाही. तिसरं, ऊन अडवणं. हे तिसरं काम लोकांच्या सगळ्यात उशिरा लक्षात आलं. सुती असो, लिनन असो, नाहीतर आजचं पॉलिएस्टर असो, उन्हातले अतिनील किरण धाग्याला आतून कुजवतात. वर्षभर गच्चीवर राहिलेला पडदा हातात घेऊन ओढून बघा, म्हणजे कळेल.

राइट बंधूंनी यातलं जवळजवळ काहीच केलं नव्हतं. १७ डिसेंबर १९०३ ला उडालेल्या त्यांच्या विमानावर 'प्राइड ऑफ द वेस्ट' नावाचं साधं, न धुतलेलं मलमलीसारखं सुती कापड होतं. त्यावर रंग नाही की लेप नाही. मात्र त्यांनी कापड तिरकं लावलं होतं, धागे ४५ अंशांत येतील असं. त्यामुळे कापडच सांगाड्याला आडव्या-तिडव्या दोऱ्यांसारखी मजबुती देत होतं. काय डोकं आहे बघा! १२ अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन आणि माणसाशिवाय २७४ किलो वजनाचं विमान, तिथे रंगाचे डबे कोण ओतणार? शिवाय ते विमान चारच उड्डाणं करून त्याच दिवशी वाऱ्यानं उलथलं. ऊन आणि पावसाचा प्रश्न त्याला कधी पडलाच नाही.

तो प्रश्न पडला पुढच्या लोकांना. विमान रोज उडवायचं, उघड्यावर ठेवायचं, म्हणजे कापड सैल पडणार, भिजणार, फुगणार. यावर उपाय म्हणून आलं 'डोप'. आपल्याकडे आजी सुती साडीला खळ करायची, साडी कडक उभी राहायची. डोप म्हणजे विमानाची खळ समजा. फरक एवढाच की ही खळ पाण्यानं जात नाही, आणि वाळताना स्वतः आकसते, कापडालाही आकसायला लावते.

यातली सगळ्यात जुनी म्हणजे सेल्युलोज नायट्रेटची. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची आणि जे तयार होईल ते द्रावकात विरघळवायचं. हेच घराणं बंदुकीच्या दारूत आहे, हेच नेलपॉलिशमध्ये आहे, आणि हेच जुन्या सिनेमाच्या रिळांमध्ये होतं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागून जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांची रिळं खाक झाली, आठवतंय? ती नायट्रेटची रिळं होती. आता कल्पना करा, डोक्याशी पेट्रोलची टाकी, पुढे गरम इंजिन, आणि चहूबाजूंनी तुम्ही याच पदार्थाच्या पिशवीत बसलेले.

तेव्हा लोकांनी दुसरा पदार्थ शोधला, सेल्युलोज ॲसिटेट. हा सहज पेट घेत नाही. स्वित्झर्लंडचे कामिय आणि हेन्री ड्रेफस हे दोघे भाऊ यातले जाणकार. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं त्यांना बोलावून घेतलं आणि डर्बीजवळ स्पाँडन इथे ॲसिटेटचा कारखाना उभा राहिला. (युद्ध संपल्यावर विमानांची मागणी बसली, तेव्हा याच कारखान्यानं ॲसिटेटचे धागे काढून 'सेलॅनीज' नावाचं नकली रेशीम विकलं. विमानाच्या लेपातून बायकांचे झगे! प्रॉडक्टचा मार्केट बदलणं म्हणजे काय, याचं इतकं सरळ उदाहरण मी एमबीएवाल्या मित्रांकडूनही ऐकलेलं नाही.)

आता ती मधली गोष्ट.

ॲसिटेट विरघळवायचं कशात? ॲसिटोन चालतं, पण ते पेट घेतं, फार भराभर उडून जातं, आणि युद्धात तोफांच्या दारूसाठीही तेच हवं होतं. त्यापेक्षा एक द्रावक सोयीचं वाटलं, टेट्राक्लोरइथेन. पेटत नाही, सावकाश वाळतं, त्यामुळे लेप एकसारखा बसतो. वैमानिकाच्या बाजूनं बघितलं तर उत्तम निवड. आगीचा धोका कमी, पंख गुळगुळीत.

पण डोप लावायची खोली कशी असायची ते बघा. दमट हवेत डोप वाळलं की पांढरट डाग पडतात आणि लेप कमजोर होतो. म्हणून खोली उबदार ठेवायची, झोत नको म्हणून दारं-खिडक्या बंद. आणि त्या बंद खोलीत दिवसभर ब्रश घेऊन पंखांवर वाकलेल्या कामगार, त्यांत कितीतरी तरुण मुली. पुरुष आघाडीवर गेलेले, मग युद्धसाहित्याच्या कारखान्यांत बायका आलेल्या. १९१४ च्या अखेरीस लंडनजवळच्या हेंडन इथे डोपच्या कामावरचे लोक आजारी पडायला लागले. आधी मळमळ, भूक जाणं, गुंगी. मग डोळे पिवळे. मग काहींचं पोट फुगलं, शुद्ध गेली आणि ते गेले. कावीळ, पण नेहमीची नव्हे.

विल्यम विलकॉक्स हे डॉक्टर आणि शवविच्छेदनासाठी प्रसिद्ध असलेले बर्नार्ड स्पिल्सबरी यांनी याचा छडा लावला. डोपमधल्या एकेका घटकाची वाफ उंदरांना देऊन बघितली. यकृत नासवणारा घटक एकच निघाला, टेट्राक्लोरइथेन. आपण कोडमध्ये बग शोधताना एकेक मॉड्यूल बंद करून बघतो ना, अगदी तसं. फक्त इथे बग सापडेपर्यंत माणसं मेली होती. आणखी वाईट म्हणजे जर्मनीतल्या विमान कारखान्यांत युद्धाच्या आधीच अशी कावीळ दिसलेली होती, आणि तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलंही गेलं होतं. बग रिपोर्ट होता. वाचला नव्हता.

मग उपाय सुरू झाले. ही वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते, म्हणून पंखे छताला न लावता जमिनीलगत लावायचे. कामाची पाळी बदलायची. डॉक्टरनं ठरावीक दिवसांनी तपासायचं. विषारी कावीळ झाली तर कारखान्यानं सरकारला कळवायचं असा नियमही झाला. आणि १९१६ संपेपर्यंत ब्रिटनच्या विमानांच्या डोपमधून टेट्राक्लोरइथेन बाद झालं. गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ज्याला पर्याय नाही म्हणून ते वापरत होते, त्याला पर्याय सापडले. ॲसिटोनची मिश्रणं आली, बेंझीन आलं. बेंझीनचं खरं रूप पुरतं कळायला पुढे आणखी काही दशकं गेली, ती गोष्ट वेगळी.

हे वाचताना मला सारखं जाणवत होतं की त्या काळच्या इंजिनिअरांनी हिशोब चुकवला नव्हता. लेपाचं वजन मोजलं होतं, ताण मोजला होता, ज्वलनशीलता मोजली होती. एक रकाना त्यांच्या तक्त्यातच नव्हता. ज्या हातांनी ब्रश धरला होता त्यांचा.

असो. पुन्हा पंखांकडे.

डोप पारदर्शक असतं. म्हणजे ऊन आरपार. फ्रान्समधल्या आघाडीवर महिनोन् महिने उघड्यावर उभी असलेली विमानं वरून ठीक दिसायची, पण कापडाची ताकद घटत जायची. ब्रिटनच्या फार्नबरोमधल्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीनं यावर प्रयोग करून एक रंगीत लेप बसवला, पीसी-१०. गेरूसारख्या लोहाच्या मातीत थोडी काजळी. चित्रांत दिसणारी ब्रिटिश विमानं वरून शेवाळी-तपकिरी दिसतात ती यामुळे. लपण्यासाठी तो रंग उपयोगी होताच, पण कापडाला ऊन लागू नये हे कामही तितकंच महत्त्वाचं. मध्यपूर्वेच्या उन्हासाठी पीसी-१२ हा लालसर तपकिरी प्रकार निघाला.

आणि आता माझा आवडता तपशील. हा रंग फक्त वरून लावायचे. पंखांची खालची बाजू नुसत्या पारदर्शक डोपवर सोडलेली, कापडाच्या मूळ फिक्कट रंगाची. का? कारण ऊन वरून येतं. जिथे कामच नाही तिथे रंग कशाला वाहायचा? शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा अनाम माणसानं घेतलेला हा निर्णय. आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात तो आला नव्हता. आम्ही पंखांच्या खालीसुद्धा व्हार्निश मारलं होतं!

तिकडे जर्मनांनी वेगळीच युक्ती काढली. विमानाला छलावरण हवं, पण हातानं चार-पाच रंग मारायचे म्हणजे वेळ आणि वजन दोन्ही वाया. मग रंग कापडावर आधीच छापून घेतला. विणकाम झाल्यावर गिरणीतच निळ्या, हिरव्या, जांभळ्या, पिवळसर बहुकोनी ठिपक्यांचं कापड तयार, जणू एखादं गोधडीचं चित्र. ते विमानावर बसवायचं, वरून पारदर्शक डोप द्यायचं, काम फत्ते. १९१८ सालची फोकर डी-७ विमानं याच कापडात गुंडाळलेली दिसतात. लक्षात ठेवा हे, शेवटी परत येणार आहे.

पण लेप वाचवण्याच्या नादात काय होतं तेही जर्मनांनीच बघितलं. ऑक्टोबर १९१७ च्या अखेरीस, दोन दिवसांत, दोन फोकर तिहेरी पंखांची विमानं हवेत पंख फाटून कोसळली. दोन्ही वैमानिक गेले. तपासात निघालं की पंखांच्या आतल्या लाकडी फासळ्यांना व्हार्निश नीट दिलंच नव्हतं. दमटपणा आत शिरला आणि सांधे सुटले. सगळी विमानं जमिनीवर आणली गेली आणि पुन्हा व्हार्निश करायला लावलं. म्हणजे बाहेरून दिसणारा लाल रंग सगळ्या जगाला माहीत (रिख्तहोफेनमुळे), आणि माणसं मेली ती आत न दिसणाऱ्या, स्वस्त, कंटाळवाण्या लेपाच्या अभावी. तेव्हा "कमी रंग म्हणजे चांगला" असा सोपा नियम नाही. ज्या हाताला काम आहे तो हात हवाच, ज्याला नाही तो नको. कठीण असतं ते हे दोन ओळखणं.

युद्धानंतर ऊन अडवण्याचं काम एका छान पदार्थाकडे गेलं. ॲल्युमिनियमची पूड. डोपमध्ये मिसळली की तिचे सूक्ष्म पत्रे माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक आडवे बसतात आणि प्रकाश परत फेकतात. रंगाच्या मानानं फार कमी जाडीत काम होतं. १९२० आणि ३० च्या दशकातली इतकी विमानं चंदेरी का दिसतात, याचं उत्तर हे. ती धातूची नव्हती, कापडी होती. लिंडबर्गचं 'स्पिरिट ऑफ सेंट लुइस'सुद्धा. मे १९२७ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस साडेतेहतीस तास एकट्यानं उडताना त्यानं रेडिओ घेतला नाही, पॅराशूट घेतलं नाही, नकाशांचे कोरे काठसुद्धा कापून टाकले. त्याच्या विमानाच्या कापडावर होतं ते चंदेरी डोप आणि वर काळी अक्षरं. बस्स.

आपल्याकडची सगळ्यांना माहीत असलेली तारीख घ्या, १५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. ते पस मॉथ विमानही कापडीच. नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंख आणि वरून डोप दिलेलं कापड. शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग वाचताना मी नेहमी पत्र्याचं विमान डोळ्यांपुढे आणत होतो. कराचीचं ऊन आणि जुहूची खारी हवा एका कापडानं सोसली हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही. आणि पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जेआरडींनी तोच प्रवास पुन्हा केला तो लेपर्ड मॉथमधून, तेही १९३० च्या दशकातलं, कापड लावलेलं विमान. कापडी विमानाचं हेच आहे. सांगाडा नीट ठेवला आणि वेळोवेळी नवं कापड घातलं तर ते म्हातारं होत नाही.

वजनाचा हिशोब खरा कळतो तो मात्र पायपर कबमध्ये. पिवळं, त्यावर एकच काळी पट्टी, दोन माणसं पुढे-मागे बसतात ते विमान. अमेरिकेत १९३८ ते १९४७ दरम्यान जवळजवळ २० हजार बनली. एकच रंग आणि एकच पट्टी, कारण ते स्वस्तात विकायचं होतं आणि इंजिन होतं ६५ अश्वशक्तीचं. आपल्या आजच्या कुठल्याही छोट्या कारपेक्षा कमी किंवा फार तर बरोबरीचं. आता आकडे घ्या. रिकामं वजन सुमारे ३४७ किलो. उडताना जास्तीत जास्त ५५३ किलो. म्हणजे आपल्या हातात २०६ किलो. त्यात ८० किलोची दोन माणसं बसवा, १६०. पेट्रोलची टाकी भरा, सुमारे ३३. उरले किती? १३ किलो. संपलं बजेट.

आता कापडाचं क्षेत्रफळ. पंख साधारण साडेसोळा चौरस मीटर, वरून आणि खालून म्हणजे तेहतीस. धड आणि शेपूट धरून पन्नासच्या आसपास जाईल. त्यावर वाळल्यानंतर चौरस मीटरला फक्त ५० ग्रॅम भरेल असा एक हात मारला तर अडीच किलो. आरशासारखी चकाकी यावी म्हणून असे पाच हात जास्तीचे मारले की तुमचे १३ किलो गेले. आता एक तर जेवणाचा डबा आणि बॅग घरी ठेवा, किंवा पेट्रोल कमी घ्या, किंवा मित्राला सांगा की बाबा रे, तू बारीक होऊन ये. शिवाय शेपटीवरचा रंग तर दुप्पट त्रासदायक, कारण ती समतोलाच्या बिंदूपासून लांब असते. तिथला एक किलो तरफेसारखा काम करतो. आणि हलणाऱ्या पृष्ठभागांवर, म्हणजे पंखाच्या टोकाकडच्या आणि शेपटीच्या झडपांवर, जाड रंग बसला तर त्यांचा तोल बदलून त्या वेगात फडफडायला लागू शकतात. ही फडफड विमान मोडू शकते.

म्हणूनच जुन्या कारागिरांचा एक निकष मला फार आवडला. चंदेरी लेपाचे किती हात द्यायचे? मोजायचे नाहीत. पंखाच्या आत एक दिवा धरायचा आणि बाहेरून बघायचं. उजेड दिसतोय? अजून एक हात. उजेड दिसेनासा झाला? थांबायचं. पुढचा प्रत्येक हात फुकटचं ओझं. आपल्याकडच्या कित्येक प्रोजेक्टांना असा दिवा मिळाला असता तर!

(त्याच चालीवर कापडाची परीक्षा. अमेरिकेत वापरायचे त्या 'ग्रेड ए' सुती कापडाची एक इंच रुंद पट्टी नवी असताना सुमारे ३६ किलोचा ताण सोसायची. ती ताकद २५ किलोच्या खाली गेली की विमान कितीही चकाकत असो, कापड काढून टाकायचं.)

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ब्युटिरेट डोप रुळलं. नायट्रेटपेक्षा खूपच कमी पेटणारं. पण कापडाला चिकटायला नायट्रेटच चांगलं, म्हणून खाली नायट्रेट आणि वर ब्युटिरेट अशी जोडी बरीच वर्षं चालली. मग १९५० नंतर पॉलिएस्टर आलं आणि खेळच बदलला. हे कापड डोपनं आकसत नाही, इस्त्रीनं आकसतं! खरंच, घरातल्यासारखी इस्त्री, फक्त तापमान मोजून. म्हणजे लेपाच्या तीन कामांपैकी ताणण्याचं काम गेलं. उरली दोन, भोकं बुजवणं आणि ऊन अडवणं. कॅलिफोर्नियातल्या रे स्टिट्स यांनी याच विचारानं, पॉलिएस्टरसाठी व्हिनाइलच्या लवचिक लेपांची 'पॉली-फायबर' पद्धत बसवली. पेटायला कठीण, भेगा पडायला कठीण आणि दुरुस्तीला सोपी.

मग आज कुणी घरी छोटं कापडी विमान बांधत असेल तर त्यानं काय निवडावं? जे वाचलं त्याचा सारांश असा. डोप किंवा व्हिनाइलचे लेप मंद चमकतात, पण हलके बसतात, आणि फाटलं तर त्याच द्रावकानं लेप मऊ करून ठिगळ लावता येतं. दोन घटकांच्या पॉलियुरेथेनची चकाकी अप्रतिम, पेट्रोल सांडलं तरी डाग नाही, पण ठिगळ लावायला गेलात तर घासून काढण्यात दिवस जातात. गाड्यांचा साधा रंग तर कापडावर नकोच. कापड ढोलकीसारखं थरथरतं, तो रंग थरथरत नाही, तडकतो (माळ्यावरचा माझा पंख साक्षीला आहे). लाल-पिवळे रंग झाकायला कमजोर असतात, खाली बहुतेकदा पांढरा हात द्यावा लागतो, म्हणजे आणखी वजन. आणि कापडाची वीण दिसू दे. ती झाकायचा अट्टाहास म्हणजे भोकं बुजल्यावरही लेप ओतत राहणं. प्रदर्शनात बक्षीस मिळतं, धावपट्टी मात्र लांब लागते.

आणि आता ते छापील कापड. या शतकात जर्मनीतल्याच एका कंपनीनं 'ओराटेक्स' नावाचं कापड काढलं. रंग आणि उन्हापासूनचं संरक्षण कापडात आधीच. चिकटवायचं, इस्त्रीनं ताणायचं, संपलं. रंगकामच नाही. १९१७ ची ती गोधडी आठवली ना? शंभर वर्षांत आपण गोल फिरून त्याच जागी आलो, फक्त जरा वरच्या मजल्यावर.

मला यात वजनापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्याचा गोंद पाण्यातला आहे. द्रावकाची वाफ नाही, बंद खोली नाही. कारण पॉलियुरेथेनच्या त्या सुंदर चकाकीत आयसोसायनेट असतात, आणि फवारताना ते छातीत गेले तर कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क तिथे काही कामाचा नाही, बाहेरून नळीनं ताजी हवा घ्यावी लागते. हे आज डब्यावर लिहिलेलं असतं. ते तिथे आलं त्यामागे हेंडनच्या त्या खोलीसारख्या अनेक खोल्या आहेत.

मला त्या मुलींपैकी एकीचंही नाव माहीत नाही. त्यांनी लेप दिलेल्या विमानांतून उडालेल्यांची चरित्रं आहेत, पुतळे आहेत, मी लहानपणी त्यांची चित्रं वहीत काढली आहेत. पंखांना ताण मात्र त्यांच्या हातांनी दिला होता. परवा तो जुना पंख उजेडासमोर धरला तेव्हा वाटलं, एखाद्या म्युझियममध्ये जुनं कापडी विमान दिसलं तर आता आधी रंग बघणार नाही. जवळ जाऊन ब्रशचे फराटे दिसतायत का ते बघणार.

बरंच लांबलं. पंख परत माळ्यावर ठेवलाय. आई म्हणते टाकून दे, पण नको. पुढच्या वेळी प्रोजेक्टमध्ये कुणी "एवढं एकच फीचर अजून टाकू" म्हणालं की तो मीटिंगला घेऊन जाणार आहे. :)

आणि हो, काका, हे कधी वाचलंत तर, तुमचं बरोबर होतं. फाटकच रंगवलं होतं आम्ही.